घर पाहावं भाड्यानं घेऊन

सांगलीहून एका वाचक भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे. सोबत दोन घरांचे फोटो. लेकीनं फोनवर पाठवलेले हे फोटो बाईंनी मुद्दाम दुकानात जाऊन छापून घेतले आणि पत्राला टाचले. जावयांची बदली न्यूयॉर्कला झाली आहे. लेक, जावई आणि चौदा महिन्यांची नात सध्या कंपनीनं दिलेल्या तात्पुरत्या जागेत राहतात. ती लवकरच सोडायची आहे. शहराच्या ब्रुकलिन भागात जुन्या तपकिरी दगडी घरांची एक आळी आहे, तिथे दोन जागा पाहून ठेवल्या आहेत. भाडं जवळजवळ सारखंच. पहिली जागा रस्त्यापासून तीन पायऱ्या खाली, मागे छोटीशी बाग, स्वयंपाकघर आरशासारखं लख्ख, आणि जाहिरातीत ‘संपूर्ण नूतनीकरण केलेली’ असा शिक्का. दुसरी तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, खिडक्या जुन्या लाकडी, स्वयंपाकघर साधं, पण उजेड भरपूर आणि नुकताच रंग दिलेला.

“जावयांना खालचं घर हवं, लेकीला वरचं,” बाई लिहितात. “दोघांत अबोला व्हायची वेळ आली. दिवाळीनंतर मी सहा महिने नातीजवळ जाणार आहे आणि माझे गुडघे दुखतात, म्हणून मी खालच्या घराला मत दिलं, तर लेक माझ्यावरही रुसली. ताई, तुम्हीच काय ते सांगा.”

खरं तर नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्यानं पडू नये. पण आता मला विचारलंच आहे, आणि हा प्रश्न एकट्या सांगलीचा राहिलेला नाही. कुणाची लेक, कुणाचा भाचा, कुणाची नणंद तिकडे असतेच. माझी एक भाची अशाच आळीत राहत असे आणि मी तिच्याकडे एक अख्खा हिवाळा काढला आहे, त्यामुळे ही घरं मला आतून-बाहेरून माहीत आहेत.

या घरांना तिकडे ‘ब्राउनस्टोन’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात, साधारण १८४० पासून पुढे पन्नास-साठ वर्षं, वाढत्या न्यूयॉर्कमध्ये सुखवस्तू कुटुंबांसाठी ती ओळीनं बांधली गेली. एकाला एक चिकटलेली, दोन घरांत मिळून एक भिंत. रुंदी वीस फुटांच्या आसपास, उंची तीन ते पाच मजले. दर्शनी बाजूला चॉकलेटी वालुकाश्म. कनेटिकट राज्यातल्या पोर्टलंड गावच्या आणि शेजारच्या न्यू जर्सीतल्या खाणींतून हा दगड यायचा. सगळ्यांनाच तो आवडे असं नाही हं. एडिथ व्हॉर्टन ही प्रख्यात लेखिका १८६२ साली न्यूयॉर्कच्या अशाच एका घरात जन्मली, आणि तिला हा रंग जन्मभर डोळ्यांसमोर नकोसा वाटे.

आणि गंमत अशी की हे घर दगडाचं नसतंच! भिंती विटांच्या, दगड फक्त तोंडावर, काही इंच जाडीचा. मुलामा दिलेल्या पाटलीसारखा. तोही बसवताना बहुतेक ठिकाणी दगडाचे थर उभे ठेवून बसवला. मग त्या थरांत पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं आणि चिरोट्याचे पदर सुटावेत तसे दगडाचे पापुद्रे सुटतात. आज आपल्याला जो सुंदर तपकिरी दर्शनी भाग दिसतो, त्यातला बराचसा नंतर रंगीत सिमेंटनं दुरुस्त केलेला असतो.

हे मी एवढं पाल्हाळ का लावलं? तर ‘वरून एक, आतून एक’ हा या घरांचा जन्मजात स्वभाव आहे, हे मनात ठेवूनच घर बघायला जावं म्हणून.

रस्त्यावरून दहा-बारा पायऱ्यांचा जिना थेट वरच्या बैठकीच्या मजल्यावर जातो. त्याला स्टूप म्हणतात. शब्द मूळचा डच. संध्याकाळी लोक त्या पायऱ्यांवर बसतात, गप्पा मारतात, अगदी आपल्या ओट्यावर बसावं तसे. जिन्याच्या पोटात एक लहान दार असतं, ते खालच्या, बागेच्या मजल्याचं. पूर्वी तिथे घराचं स्वयंपाकघर असे. म्हणजे जावयांना जी जागा आवडली आहे, तिथे शंभर वर्षांपूर्वी कुणाची तरी स्वयंपाकीण चुलीपुढे उभी असणार.

पुढे १९३० च्या मंदीत या आळ्यांचे दिवस फिरले. मोठ्या घरांच्या एकेक खोल्या करून त्या भाड्यानं गेल्या. त्याच सुमारास सरकारी नकाशांवर कित्येक आळ्या लाल रंगात दाखवल्या गेल्या. विशेषतः जिथे काळे लोक राहत तिथे. लाल रंग म्हणजे इथे कर्ज देण्यात धोका. दुरुस्तीलाही पैसा मिळेना. बेडफर्ड-स्टायव्हेसंटसारख्या भागात काळ्या कुटुंबांनी तशाही काळात पदरचे पैसे घालून घरं सांभाळली. मग १९६३ मध्ये पेन स्टेशनची देखणी जुनी इमारत पाडायला घेतली तेव्हा शहर हळहळलं, आणि १९६५ मध्ये वारसा जपण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी ब्रुकलिन हाइट्स हा शहरातला पहिला संरक्षित ऐतिहासिक भाग ठरला. आता या आळ्यांना सोन्याचा भाव आहे. पडत्या काळात ज्यांनी घरं राखली, त्यांच्यापैकी अनेकांच्या मुलाबाळांना तिथलं भाडं परवडत नाही. आपली मुलं तिथे राहायला जातात ती या गोष्टीच्या शेवटच्या पानावर. तेव्हा समोरच्या स्टूपवर एखाद्या आजी बसलेल्या दिसल्या, तर त्यांनी हसण्याची वाट पाहू नये. आपण आधी हसावं.

असो. आता फोटोंकडे वळते.

खालच्या घराचा फोटो पाहिला. ओट्यावर पांढरा दगड, पितळी नळ, नवी कपाटं. कुणालाही भुरळ पडेल. पण बाई, नूतनीकरण हा शब्द फार लबाड आहे. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी आपणही पसारा उचलून कपाटात कोंबतो आणि वर स्वच्छ चादर घालतो, तेही नूतनीकरणच! घर दाखवणाऱ्याला एकच विचारायचं: भिंतींच्या आत काय बदललं? सांडपाण्याचे जुने बिडाचे पाइप बदलले का? विजेच्या तारा नव्या की जुन्याच? बॉयलर कोणत्या साली बसवला? उत्तरं पटापट आली तर मालकानं काम केलेलं आहे. “ओटा बघा ना किती छान आहे” असं उत्तर आलं, तर काय समजायचं ते समजावं.

न्हाणीघरात गेल्यावर तीन नळ एकदम सोडून बघावेत: शॉवर, बेसिन आणि स्वयंपाकघरातलं सिंक. पाण्याचा जोर तिन्हींकडे टिकला पाहिजे आणि पाणी गुडगुड आवाज न करता निघून गेलं पाहिजे. मग भिंतीच्या अगदी खालच्या कडेला हात लावावा, कपाटं उघडून नाक आत घालावं. मागच्या पावसाळ्याचा वास नव्या रंगाखाली लपत नाही. खालच्या घरात तर हे आधी करायचं.

कारण खालच्या घराची खरी परीक्षा पाण्याची. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसानं न्यूयॉर्कला झोडपलं. सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ८० मिलिमीटर पाऊस पडला. शहरात १३ जण गेले, त्यांतले ११ तळघरातल्या जागांमध्ये. पाणी इतक्या वेगानं भरलं की दार उघडेना. हे घाबरवायला लिहीत नाही. बागेच्या मजल्यावर हजारो कुटुंबं सुखानं राहतात. पण तळमजला आणि तळघर यांत तिकडचा कायदा फरक करतो. ज्या मजल्याची निम्मी किंवा त्याहून जास्त उंची रस्त्याच्या पातळीखाली, तो ‘सेलर’; तिथे महापालिकेच्या लेखी परवानगीवाचून माणसं ठेवता येत नाहीत. निम्म्याहून कमी उंची खाली असेल तर तो ‘बेसमेंट’. तोही राहण्यासाठी मंजूर आहे का, हे विचारलंच पाहिजे. तीन पायऱ्या खाली म्हणजे बहुधा दुसरा प्रकार असेल, पण ‘बहुधा’वर नात ठेवू नये. जावयांना म्हणावं, टेप घेऊन जा. शहराच्या इमारत खात्याच्या आणि गृहनिर्माण खात्याच्या नोंदी पत्ता घालून कुणालाही घरबसल्या बघता येतात. घराचा मंजूर वापर काय आणि मालकाविरुद्ध कोणत्या तक्रारी उभ्या आहेत, ते त्यात दिसतं. शिवाय मागच्या बागेतून बाहेर पडायला वाट आहे, की चारी बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती? पुढच्या खिडकीला लोखंडी गज असतील तर ते आतून उघडतात का? आणि २०२१ च्या त्या रात्री इथे पाणी आलं होतं का, हे मालकाला नव्हे, शेजाऱ्यांना विचारायचं.

आता वरचं घर. उजेड पाहून माझंही मन तिकडे ओढलं, खोटं कशाला बोलू! पण चौदा महिन्यांच्या बाळासाठी या घरातली खरी धास्ती त्या जुन्या लाकडी खिडक्यांची आहे.

पूर्वीच्या तैलरंगात शिसं घालत. न्यूयॉर्क शहरानं घरातल्या रंगांत ते १९६० मध्ये बंद केलं, सबंध देशात १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरांत शिशाचे थर नव्या रंगाखाली अजूनही असू शकतात. रंग अखंड असला तर शिसं निमूट पडून राहतं. पण या खिडक्या आपल्यासारख्या बिजागरीच्या नसतात. खाली-वर सरकणाऱ्या असतात. दर वेळी उघडताना लाकूड लाकडावर घासतं, जुना रंग पिठासारखा झडतो आणि खिडकीच्या उंबऱ्यावर बसतो. बाळ त्या उंबऱ्याला धरून उभं राहतं, मग हात तोंडात. शिशानं लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीला इजा होते, आणि वरून मूल अगदी ठणठणीत दिसतं. ताप नाही, खोकला नाही. म्हणूनच हे दुखणं वाईट.

इथे कायदा मात्र आईच्या बाजूनं आहे. १९६० पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर घरमालकानं दर वर्षी तपासणी केली पाहिजे आणि रंग सुटला असेल तर प्रशिक्षित माणसांकडून तो दुरुस्त करून घेतला पाहिजे. नवा भाडेकरू येण्यापूर्वी तर दारं-खिडक्यांच्या घासणाऱ्या कडांचं काम व्हायलाच हवं. करारनाम्याबरोबर शिशाची माहिती देणारे कागद द्यावे लागतात. लेकीनं सरळ म्हणावं, “खिडक्यांचं काम केल्याचा कागद दाखवा.” नुकताच रंग दिला आहे यानं भुलू नये, कोरडा रंग खरवडून वर नवा फासला असेल, तर धूळ उलट वाढलेली असते.

मालक म्हणेल, “पुढच्या महिन्यात खिडक्याच बदलतो.” ऐकायला बरं वाटतं. पण घर संरक्षित भागात असेल, तर बाहेरून दिसणारी खिडकी बदलायला मालकालासुद्धा लँडमार्क्स कमिशनचा परवाना लागतो. तेव्हा पुढचा प्रश्न: “परवाना मिळाला का?” आणि काम निघालंच, तर ते होईपर्यंत बाळानं त्या घरात राहू नये.

रोजच्या घरकामात यावर आपल्या आजीचीच पद्धत लागू पडते. केरसुणी नाही, कोरडं फडकं नाही. ओल्या फडक्यानं उंबरे आणि फरशी पुसायची, फडकं धुऊन टाकायचं. बाळाचे हात जेवणाआधी धुवायचे. पिण्या-रांधण्याला थंड नळाचंच पाणी, तेही सकाळी थोडं वाहू देऊन. जुन्या नळांतही शिसं असू शकतं. न्यूयॉर्क राज्यात मुलाची रक्ततपासणी एक आणि दोन वर्षांच्या वयाला करतातच. नातीची पहिली झाली का, हे आजच फोन करून विचारा. आणि एक आपल्या घरातलं: सगळं खापर भिंतीवर फोडू नका. तिथलं आरोग्य खातं बाहेरदेशातून आणलेलं काजळ, सिंदूर आणि सुटी हळद यांबद्दलही वारंवार इशारा देतं, कारण त्यांतल्या काहींमध्ये शिसं सापडलं आहे. बाळाला तीट-काजळ लावायची हौस असेल तर या वेळी ती डबी घरीच राहू द्या.

तिसऱ्या मजल्याची खिडकी म्हटल्यावर गजाचं काय, असं तुमच्या मनात आलंच असेल. दहा वर्षांपर्यंतचं मूल असलं, आणि घरात तीन किंवा अधिक बिऱ्हाडं असली, तर खिडक्यांना संरक्षक जाळ्या बसवणं मालकाचं काम आहे. आगीच्या वेळी उतरायच्या लोखंडी जिन्याची खिडकी तेवढी सोडून. मागायला लाजू नये. बाळ आहे म्हणून जागा नाकारणंही तिथे साधारणपणे बेकायदा आहे, तेव्हा बाळ लपवायची गरज नाही.

स्वयंपाकघराचं मी जरा विस्तारानं सांगते, कारण घर बघायला गेलेले पुरुष ते बघत नाहीत. शेगडीवर धुराचं यंत्र असतंच, पण नवीन केलेल्या कितीतरी घरांत ते धूर शोषतं आणि जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडतं! खाली कागद धरला तर चिकटतो, म्हणून माणूस फसतो. यंत्राच्या वरून नळी भिंतीबाहेर गेली आहे का ते बघायचं. गेली नसेल तर पहिल्याच मिरचीच्या फोडणीला धुराचा भोंगा वाजणार आणि वरच्या-खालच्या बिऱ्हाडांत आपली ओळख त्या भोंग्यानं होणार. खिडकी उघडी ठेवून फोडणी करायची सवय लावावी. जानेवारीत ते कसं जमतं, मला विचारू नका.

दुसरं म्हणजे शेगडी गॅसची की इंडक्शनची? नव्या कामात इंडक्शन फार दिसतं. त्यावर आपला ॲल्युमिनियमचा कुकर नि कढई चालत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून बघावं. घट्ट चिकटला तर भांडं चालेल. तळणीचं तेल आणि तूपकट पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही. जुन्या अरुंद पाइपात ते थिजतं, आणि तुंबलेलं पाणी खालच्या बिऱ्हाडात निघतं.

आणि न्हाणीघर! बाई, तुम्ही नातीला तेल लावून, पायांवर घेऊन अंघोळ घालणार, हे मला न सांगता कळतं. पण तिथे न्हाणीघराच्या फरशीला मोरी नसते. पाणी जायला वाट फक्त टबात. खाली लाकडी तुळया, त्याखाली दुसऱ्याचं छत. बादलीभर पाणी जमिनीवर गेलं, तर ते शेजाऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर उतरतं. माझ्या भाचीच्या आळीत हे एका घरात झालेलं आहे, आणि ते छत दुरुस्त करायचा खर्च ऐकून मी कपाळाला हात लावला होता. अंघोळ टबाच्या आत, खाली रबरी चटई घालून, आणि तेलाचा हात जरा आखडता.

लाकडी जमिनीतून आवाजही खाली जातो. रात्री नऊनंतर खलबत्ता नको. कित्येक करारनाम्यांत ऐंशी टक्के जमीन गालिच्यानं झाकावी अशी अट असते. तिथे गालिचे महाग. दोन जाड सोलापुरी चादरी आणि एक शतरंजी नेली तर खालच्यांचा दुवा मिळेल.

हिवाळ्याचं थोडक्यात. १ ऑक्टोबर ते ३१ मे हा तिथला ऊब देण्याचा हंगाम. दिवसा बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं, म्हणजे आपल्या १३ सेल्सियसच्या आसपास, की आत किमान ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सियस, ठेवणं मालकाला बंधनकारक. रात्री दहा ते सकाळी सहा, बाहेर काहीही असो, आत किमान ६२. नाही ठेवलं तर ३११ क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र विचारायचं ते असं: ही ऊब मालकाच्या बॉयलरची, की आपल्या विजेच्या बिलावर? नूतनीकरण केलेल्या घरांत पुष्कळदा दुसरं असतं, आणि सारख्या भाड्याची दोन घरं मग सारखी राहत नाहीत. वाफेचे जुने रेडिएटर असले आणि त्यांना एकच नळी असली, तर त्यांची किल्ली पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद ठेवायची. अर्धवट ठेवली की आत पाणी अडतं आणि रात्रभर कुणी हातोडे मारावेत तसा आवाज येतो. इडलीचं पीठ मात्र रेडिएटरच्या शेजारी असं काही फुगतं म्हणता!

पैशाचं लेकीला नीट लिहून कळवा, कारण नवख्या माणसाला तिथे गोंधळवतात. अनामत एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. २०१९ चा कायदा आहे. “तुमचा इथला व्यवहाराचा इतिहास नाही, म्हणून चार महिन्यांचं भाडं आगाऊ द्या,” असं कुणी म्हटलं, तर ते कायद्यात बसत नाही. अर्जाची फी जास्तीत जास्त २० डॉलर. दलालाची दलाली ज्यानं दलाल नेमला त्यानं द्यायची, असा नियम जून २०२५ पासून आहे. मालकाच्या दलालाला भाडेकरूनं पैसे मोजायची जुनी रीत संपली. मालक बहुधा महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट वार्षिक उत्पन्न मागतो. भाडं ३००० डॉलर तर पगार वर्षाला १,२०,००० हवा. तेवढा नसेल तर जामीनदार. घर सोडल्यावर चौदा दिवसांत अनामत परत, आणि काही कापलं असेल तर त्याचा तपशील लेखी. म्हणून सामान आत जाण्यापूर्वी मालकाबरोबर घरभर फिरून भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा फोटोत टिपून ठेवायचा. घर डोळ्यांनी न बघता कुणालाही एक डॉलर पाठवायचा नाही, मग तो माणूस कितीही गोड बोलो.

आता माझं मत. मी वरचं घर घेईन. पण खिडक्यांचे कागद हातात पडल्यावर आणि जाळ्या बसल्यावरच. त्याआधी सही नाही. मालक कागद द्यायला टाळाटाळ करू लागला, तर लेकीनं हट्ट सोडावा आणि खालच्या घराची मंजुरी, सुटायची वाट आणि ओल तपासून ते घ्यावं. दोन्हींकडे उत्तर नीट आलं नाही, तर तिसरं बघावं. कंपनीची जागा आणखी पंधरा दिवस मागून घेणं ही काही लाजिरवाणी गोष्ट नाही. जावयांनी ओटा पाहिला, लेकीनं ऊन पाहिलं. दोघांनी मिळून पाइप आणि खिडक्या बघितल्या की अबोल्याचं कारणच उरणार नाही.

तुमच्या गुडघ्यांचं मला कळतं, माझेही कुरकुरतात. पण बाई, तुम्ही तिथे सहा महिने आहात आणि तुमची लेक त्या घरात दोन-चार वर्षं, रोज चोवीस तास बाळासह. तिला ऊन हवंसं वाटतं हे साधं मागणं नाही. परक्या गावी, लवकर अंधार पडणाऱ्या हिवाळ्यात, एकटी बाई दिवसभर कशाच्या आधारानं राहते हे तिचं तिलाच ठाऊक. तुम्ही मत मागे घेतलंत असं तिला पत्रानं नको, फोन करूनच सांगा. आणि जिना दिवसातून एकदाच उतरा, बाबागाडी खालीच जिन्याजवळ ठेवता येते का ते मालकाला आधी विचारून ठेवायला सांगा. तांदळाची मोठी पिशवी जावयांनी वर आणायची, हेही करारातच घालून टाका. तुमच्या घरच्या करारात म्हणते मी.

जाताना काय न्यावं असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. मिक्सर नेऊ नका. तिथली वीज ११०-१२० व्होल्टची, आपला २३० चा मिक्सर तिथे चालत नाही. तिथल्या विजेवर चालणारे मिक्सर तिकडच्या भारतीय दुकानांत मिळतात. कुकर न्याल तो जाड बुडाचा स्टीलचा, चुंबक लावून पाहिलेला. भिंती जुन्या चुन्याच्या गिलाव्याच्या असतात, खिळा ठोकला की पोपडा निघतो, म्हणून देव्हारा टांगायचा नको. टेबलावर बसेल असा लहान घ्या. आणि गुडघ्यांचं तेल काचेच्या बाटलीतून नको, प्लॅस्टिकच्या बाटलीतून न्या, झाकणाला चिकटपट्टी लावून.